फ्लॅट विका, पण चिरंजीवांच्या नावावर काही करू नका

प्रश्न थोडक्यात असा. तासगावचे एक निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक, वय ६४. पत्नी ६१ वर्षांच्या. त्यांनीच २०१३ मध्ये मुलाला किडनी दिली. ती किडनी आता निकामी झाली आहे. मुलगा ३५ वर्षांचा, आठवड्यातून तीन वेळा मिरजेला डायलिसिस. रक्तातल्या अँटिबॉडी फार वाढल्या आहेत, हृदयाचं पंपिंगही कमी आहे, त्यामुळे दुसरं प्रत्यारोपण करता येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. मुलगा खासगी कंपनीत हिशेबनीस, पगार २६ हजार, पण रजा बिनपगारी झाल्याने हातात १७ हजार पडतात. सून शाळेत, १४ हजार. मूलबाळ नाही. मुलगी लग्न होऊन ठाण्यात. गुरुजींच्या एकट्याच्या नावावर पुण्यात एक फ्लॅट आहे: २००९-१० मध्ये २२ लाखांना घेतला, आज ६२ लाखांचं गिऱ्हाईक आलं आहे. विचारतात: फ्लॅट बक्षीसपत्राने मुलाच्या नावे करू, की विकून पैसे त्याच्या नावावर एफडीत ठेवू? आणि त्याला नोकरी सोडायला सांगू का?

गुरुजी, सप्रेम नमस्कार.

तुम्ही वहीत मांडलेला हिशेब आधी पुन्हा मांडतो, कारण उत्तर तिथेच आहे. निवृत्तिवेतन ४२,०००. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत असलेल्या १५ लाखांचं व्याज ८.२ टक्क्यांनी महिन्याला १०,२५०. पुण्याचं भाडं १७ हजार आहे खरं, पण वर्षात एक महिना फ्लॅट रिकामा जातो, सोसायटीचा मेंटेनन्स ३३,६०० आणि घरपट्टी ९,४०० जाऊन हातात १ लाख ४४ हजार उरतात, म्हणजे महिन्याला १२,०००. एकूण ६४,२५०.

खर्च: घर २८,०००. डायलिसिस १,६०० रुपये एक खेप, महिन्याला सरासरी १३ खेपा, २०,८००. एरिथ्रोपोएटिनची (रक्त वाढवणारी) इंजेक्शनं, लोह, फॉस्फरसच्या आणि बीपीच्या गोळ्या मिळून ९,५००. जाणं-येणं ३,९००. तपासण्या २,०००. एकूण ६४,२००.

महिन्याअखेर शिल्लक ५० रुपये. पतसंस्थेतले ९ लाख दामदुप्पट ठेवीत अडकलेले, त्यांचं व्याज हातात येत नाही. म्हणजे रोजचं भागतंय, पण एक ॲडमिशन झाली की हात पसरावा लागेल. बक्षीसपत्र वगैरे सोडा, खरी अडचण ही आहे.

पहिलं काम फ्लॅटचं नाहीच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे, पांढऱ्या रेशनकार्डालाही, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत. डायलिसिस त्यात बसतं. ‘आम्ही पेन्शनर, आम्हाला कोण देणार’ या समजुतीत बरीच कुटुंबं पैसे भरत राहतात. सांगली-मिरजेत योजनेतल्या ज्या रुग्णालयात डायलिसिस युनिट आहे तिथे आरोग्यमित्राला (योजनेच्या तिथल्या मदतनिसाला) भेटा. सोबत रेशनकार्ड, आधार, नेफ्रॉलॉजिस्टचा (किडनीच्या डॉक्टरांचा) कागद. अडतं बहुतेक वेळा नावावर: रेशनकार्डात ‘बाळासाहेब’, आधारवर दुसरंच. किंवा मुलाचं नाव कार्डात चढवायचंच राहिलेलं. ते तहसील कार्यालयातून आधी दुरुस्त करून घ्या. योजनेत नोंद झाल्यावरही कोणी सुटे पैसे मागितले तर आरोग्यमित्राकडे लेखी द्या, नाहीतर १५५३८८ वर तक्रार नोंदवा.

मात्र जुन्या केंद्रातला स्लॉट लगेच सोडू नका. नव्या ठिकाणी महिनाभर बघा. डायलायझर (रक्त गाळणारी नळी) किती वेळा धुऊन वापरतात, आरओच्या पाण्याची तपासणी कधी झाली, कावीळ बी-सी असलेल्या रुग्णांचं मशीन वेगळं आहे का, नेफ्रॉलॉजिस्ट प्रत्यक्ष येतात की फोनवर असतात. हे चार प्रश्न विचारून उत्तरं पटली तरच हलवा. २०,८०० वाचवायच्या नादात संसर्ग झाला तर एका ॲडमिशनमध्ये वर्षाची बचत जाते.

जमलं तर खर्च ६४,२०० वरून ४३,४०० वर येतो. मग वाटेल की फ्लॅट विकायची गरजच काय? तरीही विकाच म्हणतो. डायलिसिससाठी नव्हे. ६२ लाखांची मालमत्ता वर्षाला १ लाख ४४ हजार देते, म्हणजे सव्वादोन-अडीच टक्के. शिवाय भाडेकरू बदलला की पुण्याला जायचं तुम्हीच. उद्या तुम्हीच अंथरुणाला खिळलात, तर आयसीयूच्या बिलासाठी फ्लॅटची एक भिंत विकता येत नाही. आणि तुमच्या घरात आजारी पडू शकणारी माणसं एक नाही, तीन आहेत. वहिनींना एकच किडनी आहे हे घरातले सगळे विसरल्यासारखे वाटतात. पत्रात त्यांच्या तपासणीवर एक ओळही नाही. वर्षातून एकदा क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन आणि बीपी बघायचंच, आणि गुडघेदुखीला दुकानातून गोळ्या आणणं बंद.

आता बक्षीसपत्र. महाराष्ट्रात मुलाला निवासी घर बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, वर स्थानिक अधिभार. स्वस्त म्हणूनच लोक पटकन करतात. पण नोंदलेलं बक्षीसपत्र सहसा परत घेता येत नाही. ‘मुलाने सांभाळ करावा’ अशी अट लिहिलेली असेल तरच २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली काही करता येतं.

दुसरी गोष्ट लिहायला जड जाते, पण सल्ला मागितलाय म्हणून लिहितो. चिरंजीव तुमच्या आधी गेले आणि इच्छापत्र नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्यांच्या नावावरचं सगळं आई आणि पत्नी यांच्यात निम्मं-निम्मं वाटलं जातं. वडील पहिल्या वर्गाचे वारस नाहीत. वडील दुसऱ्या वर्गात, म्हणजे पहिल्या वर्गातलं कोणी नसेल तरच. बक्षीसपत्र असो की एफडी, तुमच्या आयुष्यभराच्या कमाईवर तुमचाच हक्क उरत नाही. एफडीवर नॉमिनी तुम्ही असलात तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसांसाठी पैसे ताब्यात घेणारा. हे सूनबाईंच्या विरोधात नाही, त्यांच्याबद्दल पुढे लिहितोच. पैसा तुमच्या दोघांच्या नावावर राहू द्या. चिरंजीवांना आधार तुमच्या खात्यातून मिळतोय, त्यासाठी त्यांच्या नावाची गरज नाही.

विक्रीचा हिशेब २०२५-२६ या आर्थिक वर्षात व्यवहार धरून केलाय. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला दोन पर्याय आहेत: महागाई निर्देशांक न लावता साडेबारा टक्के, किंवा निर्देशांक लावून वीस टक्के, जो कर कमी तो. २२ लाखांना ३७६ ने (२०२५-२६ चा निर्देशांक) गुणून १४८ ने (२००९-१० चा) भागलं की खरेदीची किंमत सुमारे ५५ लाख ८९ हजार होते. ६२ लाखांतून दलाली ६२ हजार वजा. नफा सुमारे ५ लाख ४९ हजार, वीस टक्के आणि वर चार टक्के उपकर, कर १ लाख १४ हजार. दुसऱ्या रीतीने तोच कर ५ लाख १२ हजार झाला असता. म्हणून २००९-१० चं खरेदीखत, मुद्रांक आणि नोंदणीच्या पावत्या शोधून ठेवा. पावती नाही तर ती रक्कम धरता येत नाही.

दोन बारकावे. खरेदीदार एक टक्का, ६२ हजार, टीडीएस (आगाऊ कर) कापेल. तो तुमच्या पॅनवर भरला का हे २६एएस मध्ये (आयकर खात्याकडच्या जमा कराच्या उताऱ्यात) पाहा, आणि विवरणपत्रात वजा घ्या. दुसरं, नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य अशी जी सवलत आहे ती विक्रीच्या वर्षी मिळणार नाही, कारण एकूण उत्पन्नात भांडवली नफाही मोजतात. त्या एका वर्षी निवृत्तिवेतन आणि व्याजावर वीस-तीस हजारांचा कर पडेल. घाबरू नका, पण त्या वर्षी १५एच फॉर्म (व्याजावर टीडीएस कापू नका असं सांगणारा) भरू नका. कर वाचवायला भांडवली नफ्याचे रोखे घ्या असं कोणी सुचवेल. पाच वर्षं कुलूप आणि व्याज सव्वापाच टक्के. तुमच्या घराला पैसा मोकळा हवा, १ लाख १४ हजार कर भरून टाका. आणि ‘थोडे रोखीत घ्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला दारातूनच परत पाठवा.

हातात येतील सुमारे ६० लाख. त्यांची मांडणी:

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत माणशी ३० लाखांची मर्यादा आहे. तुमचे १५ आहेत, आणखी १५ भरा. वहिनींच्या नावे ३०. एकूण नवे ४५ लाख, त्यांचं व्याज महिन्याच्या सरासरीने ३०,७५०. वहिनींच्या खात्यातलं व्याज कायद्याने तुमच्याच उत्पन्नात धरलं जाईल, कारण पैसा तुमचा. तरी चालेल: निवृत्तिवेतन, सगळं व्याज मिळून अकरा लाखांच्या थोडं वर जातं, ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरली की १२ लाखांच्या आतच. पुढच्या वर्षापासून कर शून्य, मग १५एच भरा. वहिनींचे ३० लाख एका खात्यात टाकू नका. वेगवेगळ्या महिन्यांत १०-१० लाखांची तीन खाती उघडा. मोडायची वेळ आलीच तर एकच मोडेल. पहिल्या वर्षात मोडलं तर मिळालेलं व्याज परत कापतात, एक ते दोन वर्षांत दीड टक्का, त्यानंतर एक टक्का. व्याज तिमाहीला येतं. जुनं-नवं मिळून ६० लाखांवर १ लाख २३ हजार एकदम जमा होतील. ते वेगळ्या बचत खात्यात घ्या आणि दर महिन्याला ठरावीक रक्कम घरखर्चाच्या खात्यात वळवा, नाहीतर एप्रिलमध्ये श्रीमंत आणि जूनमध्ये उसनवारी.

८ लाख दोन राष्ट्रीयीकृत बँकांत, प्रत्येकी ४, लहान लहान एफडींत. ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतच असतो. हे पैसे फिस्टुल्यासाठी (डायलिसिसच्या सुईसाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिनीसाठी) आहेत असं समजा. हातावरचा फिस्टुला बंद पडला की एक-दोन दिवसांत तो उघडावा लागतो, उशीर झाला तर मानेत कॅथेटर, आणि कॅथेटर म्हटलं की संसर्गाचा धोका. त्या वेळी पुण्याला फोन करून पैसे जमवत बसायला वेळ नसतो. (त्या हाताचं बीपी घेऊ द्यायचं नाही, सुईही नाही. गावातल्या दवाखान्यात सांगितल्याशिवाय कोणी विचारत नाही.)

उरलेले ७ लाख निफ्टी निर्देशांक फंडात, सहा महिन्यांत हप्त्याहप्त्याने. दहा वर्षं हात लावायचा नाही. यापेक्षा जास्त शेअर बाजार तुम्हाला नको, कारण तुमचं निवृत्तिवेतन महागाई भत्त्याबरोबर वाढतं. महागाईशी लढायचं अर्धं काम तेच करतं.

पतसंस्थेतले ९ लाख. पतसंस्थेला बँकेसारखा ठेव विमा नसतो. साडेनऊ टक्के व्याज त्या जोखमीचं आहे. मुदत संपेल तसे पैसे काढा आणि पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत टाका. एकट्याच्या खात्याची मर्यादा नेमकी ९ लाख आहे, ७.४ टक्क्यांनी महिन्याला ५,५५०.

सगळं जागेवर आलं की आवक ८८,५५०. योजनेत डायलिसिस मिळालं नाही तरी खर्च ६४,२००, म्हणजे २४ हजार शिल्लक. मिळालं तर ४५ हजार. शिल्लक खर्चू नका, ८ लाखांची रक्कम १२ लाखांवर नेईपर्यंत तिथेच साठवा. प्रत्यारोपणाच्या रुग्णालयाकडून एक कागदही घ्या: अपात्रता कायमची की आत्तापुरती, आणि फेरतपासणी कधी. तो कागद हातात असला की ‘दुसऱ्या राज्यात करून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला उत्तर देणं सोपं जातं. अवयवाची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे, त्याला पाच ते दहा वर्षं कैद आहे, आणि असे लोक नेमके फ्लॅट विकल्याची बातमी फुटल्यावर येतात. डॉक्टरांना पोटातून होणाऱ्या डायलिसिसबद्दलही विचारा. कमजोर हृदयाला ते काही वेळा सोसतं. दिवसाला तीन-चार पिशव्या लागतात, मिरजेच्या फेऱ्या वाचतात, पण पिशव्यांचा खर्च आत्ताच्या डायलिसिसपेक्षा जास्त. ८८ हजारांच्या आवकीत तो बसतो, ६४ हजारांत नाही बसत. आईच्या किडनीसाठी सुरू असलेल्या गोळ्या मात्र खर्च वाचवायला स्वतःहून बंद करू नयेत, त्या कधी कमी करायच्या ते डॉक्टरच ठरवतील.

नोकरीबद्दल ठाम सांगतो: राजीनामा देऊ देऊ नका. हातात १७ हजार येतात म्हणून नव्हे. नोकरीत असेपर्यंत तीन गोष्टी जिवंत असतात. कंपनीचा गट आरोग्य विमा. भविष्य निर्वाह निधीला जोडलेला विमा, ज्यात नोकरीत असताना मृत्यू झाला तर कुटुंबाला कमाल ७ लाखांपर्यंत मिळतात, हप्ता कंपनी भरते. आणि ईपीएस ९५ (पीएफबरोबरची निवृत्तिवेतन योजना) मधलं अपंगत्व निवृत्तिवेतन: नोकरीत असताना कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर दहा वर्षं सेवेची अट लागत नाही. पण वैद्यकीय मंडळाची तपासणी असते, आणि राजीनाम्यानंतर आलेल्या असमर्थतेला ते लागू नाही. बाहेर कुठली नवी पॉलिसी या आजारात मिळणार नाही. आजार लपवून काढून देतो म्हणणाऱ्या एजंटाला हप्ते मिळतील, तुम्हाला दावा नाही. म्हणून कामाचे तास कमी करा, पहाटेचा किंवा रात्रीचा स्लॉट मिळतो का बघा, घरून हिशेब करू द्यायला मालकाला विनंती करा. सोडायचीच वेळ आली तर आधी गट विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज, मग राजीनामा.

पीएफचं नामनिर्देशन लग्नाआधी केलेलं असेल तर ते लग्नाने रद्द झालंय. पोर्टलवर सूनबाईंचं नाव आजच भरायला सांगा. जुनी एलआयसी पॉलिसी असेल तर हप्ता चुकू देऊ नका.

दोन ठिकाणी वेळ घालवू नका. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी खेटे नकोत: २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत किडनी निकामी होणं नाही, म्हणून आयकरातली कलम ८०डीडीची (अपंग अवलंबितासाठीची) वजावटही नाही. ८०डीडीबी मध्ये किडनीचा आजार आहे, ४० हजारांची वजावट, पण जुन्या करप्रणालीतच. तुमचा कर शून्य होणार असताना त्याचा उपयोग नाही. एसटीच्या साध्या बसमध्ये डायलिसिस रुग्णाला मोफत प्रवासाची सवलत आहे. जाताना वापरा. येताना बीपी खाली असतं, तेव्हा गाडीच बरी.

कुटुंब निवृत्तिवेतनाचं मात्र बघा. महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम, १९८२ मधल्या नियम ११६ खाली, कमावू न शकणाऱ्या अपंग अपत्याला आई-वडिलांनंतर ते मिळू शकतं. चिरंजीव विवाहित आहेत, आज कमावतात, म्हणून लगेच मंजूर होईल असं धरू नका. पण शिक्षण विभागाकडे तुम्ही हयात असतानाच वैद्यकीय कागदांसह अर्ज द्या, पोच घ्या, लेखी उत्तर मागा. ही रक्कम वरच्या हिशेबात मी धरलेली नाही.

इच्छापत्र तुम्ही आणि वहिनी दोघांनी वेगवेगळं करा. आधी सगळं एकमेकांना. दोघांनंतर चिरंजीवांचा वाटा, आणि लगेच पुढच्या ओळीत ‘तो हयात नसल्यास’ काय, हे. ती ओळ नसेल तर वाटा कोणाकडे जातो यावरून भावजय-नणंदेत कोर्टाची पायरी चढायची वेळ येते. त्या ओळीत सूनबाईंचं नाव आणि आकडा लिहा. राहत्या घरात राहण्याचा त्यांचा हक्कही. ज्या मुलीने ही जबाबदारी पत्करली तिला गृहीत धरू नका. तिला नोकरी सोडून सेवा करायला तर मुळीच सांगू नका. तिच्या स्वतःच्या नावावर दोन हजारांचं आवर्ती खातं तुमच्या शिलकीतून सुरू करा. ठाण्याच्या लेकीला निष्पादक (इच्छापत्र अमलात आणणारी) नेमा, पण साक्षीदार करू नका, लाभार्थीच साक्षीदार असला तर पुढे वादाला जागा राहते. साक्षीदार दोन, बाहेरचे, शक्यतो तुमच्यापेक्षा तरुण. त्यातले एक तुमचे डॉक्टर असले तर उत्तम.

आणि औषधांचं बिल चिरंजीवांना त्यांच्या पगारातून भरू द्या. तुम्हाला गरज नसली तरी. हिशेबनीस आहेत, वहीही त्यांच्याकडेच सोपवा.

गिऱ्हाइकाला घाईने विसार घेऊ नका. आधी योजनेची नोंद, मग खरेदीखत. पतसंस्थेच्या पावत्यांच्या मुदती कधी संपतात ते कळवा, त्याप्रमाणे पोस्टातल्या खात्याच्या तारखा लिहून पाठवतो.